जनुकाचे यश आणि वाणाचे अपयश : वर्धा जिल्ह्यातील कापसाच्या संदर्भात ‘पीक-सुधारणा’ या संकल्पनेची समीक्षा

प्रस्तावना

‘पीक-सुधारणा’ हा शब्द आपल्या विज्ञान विद्याशाखेत इतका रुळला आहे की त्याची व्याख्या करण्याची गरज कोणास वाटत नाही. चर्चासत्रांच्या स्मरणिका, पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके आणि संशोधनपत्रिका यांतून एक ठरावीक वाक्य वारंवार आढळते : अमुक जीवाणूतील जनुक तमुक पिकात प्रविष्ट करण्यात आले व ते पीक अमुक किडीस प्रतिकारक्षम झाले. वाक्य येथे संपते आणि सुधारणा झाली असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी वर्धा जिल्ह्यातील कापसाच्या आधारे करण्याचे योजिले आहे. लेखक जैवतंत्रज्ञानाचा विरोधक नाही. वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्यास तसे होणे परवडणारेही नाही. परंतु गेल्या दोन दशकांत बीटी कापसावर जे लेखन झाले, अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही, त्यातील बहुतेकांनी जनुकालाच नायक किंवा खलनायक मानले. शेतकऱ्याच्या शेतात मात्र जनुक कधीच एकटे जात नाही. ते एखाद्या वाणात बसून जाते. मूल्यमापन करावयाचे ते त्या वाणाचे, अशी या लेखाची भूमिका आहे.

हिंगणघाटचा जुना दाखला

सुधारणा म्हणजे काय, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतातील उत्तम कापसाला व्यापारात ‘हिंगणघाट’ हेच नाव होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा या नावाला मोठे महत्त्व आले. पुढे कापूस आयुक्त म्हणून नेमलेल्या रिव्हेट-कार्नॅक यांच्या अहवालांतून हिंगणघाटी बियाण्याविषयीची आस्था स्पष्ट दिसते. हा कापूस म्हणजे देशी जातीतील ‘बनी’. त्याचा तंतू तलम होता व देशी कापसाच्या मानाने लांब होता. मात्र रुईचा उतारा कमी होता.

पुढील काही दशकांत बनी मागे पडली आणि तिच्या जागी ‘जरी’ नावाने ओळखला जाणारा आखूड, भरड तंतूचा कापूस पसरला. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांताच्या कृषी खात्याने याच गटातील ‘रोझियम’ या निवड वाणाचा सुधारित म्हणून प्रसार केला. त्याचे कारण साधे होते. जिनिंगमध्ये त्याची रुई अधिक निघे, झाडाला कापूस अधिक लागे आणि तलम तंतूला बाजारात मिळणारा जादा भाव ही तूट भरून काढण्याइतका नव्हता. गिरणीमालकाच्या दृष्टीने जी अधोगती ठरली, ती शेतकऱ्याच्या व जिनिंगवाल्याच्या हिशेबात सुधारणा ठरली. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की ‘सुधारित’ हे विशेषण वनस्पतीच्या अंगी नसते. ते लावणाऱ्याच्या हाती एखादा तराजू असतो आणि त्याने तो दाखविणे अपेक्षित असते.

जनुक कशात ठेवले?

२६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरांना (मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४) व्यापारी लागवडीस संमती दिली. मातीतील ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जीवाणूचे ‘क्राय१एसी’ हे जनुक त्यांत होते. २००६ मध्ये ‘क्राय२एबी’ या दुसऱ्या जनुकाची जोड मिळून ‘बोलगार्ड-२’ आले. अमेरिकन बोंडअळीविरुद्ध हे जनुक प्रभावी ठरले, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९९० च्या दशकात विदर्भातील शेतकरी या अळीने हैराण झाला होता. एकामागून एक कीटकनाशके निष्प्रभ होत होती. त्या परिस्थितीत शेतकऱ्याने बीटी बियाण्याचा स्वीकार केला तो अज्ञानामुळे किंवा केवळ जाहिरातीमुळे, असे म्हणणे त्याच्या बुद्धीचा अवमान करणारे आहे.

प्रश्न पुढचा आहे. चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत हे जनुक मुख्यतः सरळ वाणांत आले. भारतात ते जवळजवळ सर्वस्वी संकर वाणांत आले. १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा जगातील पहिला व्यापारी संकर कापूस तयार केला, तेव्हापासून आपल्याकडे संकर कापसाची परंपरा होतीच. तरी बीटीपूर्व काळात वर्धा परिसरातील शेतात संकर आणि सरळ असे दोन्ही वाण होते; अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे ‘एकेए’ मालिकेतील देशी वाणही होते. बीटी आल्यानंतर दहा वर्षांच्या आत ही विविधता जवळपास संपुष्टात आली. पहिल्या बीटी जनुक-घटनेवर भारतात पेटंट नव्हते. बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागेल याची हमी संकराच्या स्वरूपातच होती, ही व्यापारी सोय या निवडीमागे होती असे मानण्यास पुरेसा आधार आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यातील कलम ३९ शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क देते. संकराचे बियाणे राखून पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही, त्यामुळे कापूस उत्पादकापुरता हा हक्क कागदावरच राहिला.

या निवडीचे परिणाम शेतात कसे दिसतात, ते थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत नेमका हाच भाग नसतो.

पहिला परिणाम झाडांच्या संख्येचा. ४५० ग्रॅमच्या बीटी बियाण्याच्या पाकिटाची किंमत आरंभी सुमारे १६०० रुपये होती; २००६ मध्ये आंध्र प्रदेश शासनाने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर ती ७५० रुपयांवर आली. महाग बियाणे शेतकरी विरळ पेरतो. तीन फूट बाय तीन फूट अंतरावर फुली पद्धतीने लागवड केली, म्हणजे उभी-आडवी डवरणी करता येते, तर एकरी ४८४० झाडे बसतात. हेक्टरी सुमारे बारा हजार. ६० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर सरळ वाण पेरला तर हेक्टरी एक लाख अकरा हजार झाडे होतात. विरळ लागवडीत प्रत्येक झाडाने भरपूर बोंडे धरली तरच उत्पन्न येते, आणि त्यासाठी झाडास वेळ लागतो. अशा संकरांचा कालावधी १६० ते २०० दिवसांपर्यंत जातो.

वर्धा जिल्ह्यातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. महाराष्ट्रातील कापसाखालील सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्राची हीच स्थिती आहे. पाऊस सप्टेंबरअखेर परततो. खोल काळ्या जमिनीत ओल काही काळ टिकते. आर्वी-कारंजाकडील हलक्या, चढउताराच्या जमिनीत ती ऑक्टोबरमध्येच ओसरते. बोंडे भरण्याचा काळ आणि ओल संपण्याचा काळ एकच येतो. या हवामानाला १४०-१५० दिवसांत आटोपणारे, दाट लावता येणारे झाड हवे होते, आणि आपण त्याला दीर्घ मुदतीचे, विरळ लावावे लागणारे झाड दिले. त्या झाडात उत्तम जनुक होते, हे खरेच.

दुसरा परिणाम गुलाबी बोंडअळीचा. ही कीड हंगामाच्या उत्तरार्धात बळावते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच अवधीत बोंडात शिरते व आतील सरकी खाते. पीक जितके लांबेल तितक्या तिच्या पिढ्या वाढतात. त्यातच आपल्याकडे फरदड घेण्याची प्रथा आहे : शेवटच्या वेच्यानंतर एखादे पाणी देऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवावयाची. शेतकऱ्याच्या हाती त्यातून चार पैसे येतात, पण अळीचीही वर्षभराची सोय होते. २०१० मध्ये गुजरातमधील काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने ‘क्राय१एसी’ला दाद न दिल्याचे कंपनीनेच जाहीर केले. २०१४-१५ पर्यंत ‘बोलगार्ड-२’चीही तीच गत दिसू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भासह महाराष्ट्रभर बोंडे किडली, कवडी कापसाचे प्रमाण वाढले, डोमकळ्या घराघरांतील बोलण्याचा विषय झाल्या. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बीटीमुळे तुडतुडे व फुलकिडे यांना आळा बसत नाही. त्यांना बळी पडणारे संकर शेकड्यांनी बाजारात आले, तशी फवारणी परत आली होती.

येथे मेंडेलचे गुणोत्तर आठवावे. संकराच्या झाडात दोन्ही जनुकांची एकेकच प्रत असते. त्यामुळे त्या झाडावरील बोंडाची भिंत विषारी असली तरी आतल्या सरकीत जनुके विभागली जातात : सोळा बियांमागे सरासरी नऊ बियांत दोन्ही जनुके, तीन-तीन बियांत एकेक आणि एका बीत एकही नाही. अळी या निरनिराळ्या मात्रांच्या बियांवर वाढते व प्रतिकारक्षमतेची निवड वेगाने होते, असा युक्तिवाद नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांथी यांनी मांडला. सरळ वाणात प्रत्येक बी सारखीच विषारी असते.

हा युक्तिवाद आकर्षक आहे आणि वर्गात शिकविण्यासही सोयीचा आहे. तथापि तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. चीनच्या यांग्त्झी खोऱ्यात शेतकऱ्यांनी बीटी संकराचे दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले; त्यांच्या शेतात सुमारे एक चतुर्थांश झाडे जनुकाविना निघाली, आणि तेथे गुलाबी बोंडअळीची प्रतिकारक्षमता घटली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे जनुकांच्या विभाजनाने एका ठिकाणी घात केला आणि दुसऱ्या ठिकाणी तारले. फरक असा की चीनमध्ये संपूर्ण झाडेच जनुकाविना होती व ती अळीला आश्रय देणारी ठरली. आपल्याकडे बीटी पिकाभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र बिगर-बीटी ठेवण्याचा नियम होता, त्यासाठी पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी येई, आणि ती बहुधा बांधावरच राही. दोन-तीन एकरांच्या धन्याने पाचवा हिस्सा अळीसाठी सोडावा ही अपेक्षा कोणत्या शेताकडे पाहून केली गेली, असा प्रश्न पडतो. अमेरिकेत आश्रय क्षेत्र, वंध्य पतंग सोडणे आणि सरळ बीटी वाण यांच्या एकत्रित मोहिमेनंतर कापूस-पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे २०१८ मध्ये घोषित करण्यात आले. जनुक तेच, कीडही तीच. मग निष्पत्तीतील फरक जनुकाने कसा समजावून सांगावा?

दोन पंथ आणि त्यांचे पुरावे

बीटी कापसावरील अनुकूल लेखनात काथागे व क्वैम यांच्या २०१२ मधील शोधनिबंधाचा हवाला प्रामुख्याने दिला जातो. महाराष्ट्रासह चार राज्यांतील कुटुंबांच्या २००२ ते २००८ या काळातील पाहणीवरून त्यांनी एकरी उत्पादनात २४ टक्के व नफ्यात ५० टक्के वाढ दाखविली. काम काळजीपूर्वक केलेले आहे. दोष निबंधात कमी आणि तो उद्धृत करणाऱ्यांत अधिक आहे. २००८ पर्यंतच्या पाहणीत २०१७ ची अळी दिसणे शक्यच नव्हते. तरीही २०२० नंतरच्या आपल्या महाविद्यालयीन निबंधांतून हे आकडे वर्तमानकाळात लिहिलेले आढळतात. देशाची रुईची उत्पादकता २००२-०३ मधील हेक्टरी ३०२ किलोवरून २००७-०८ मध्ये ५५४ किलोवर गेली, हाही असाच लाडका आकडा. अलीकडील वर्षांत ती ४५० किलोच्या आसपास रेंगाळते आहे, हे सांगितले जात नाही. शिवाय क्रांथी व स्टोन यांनी २०२० मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, या वाढीचा मोठा टप्पा बीटीखालील क्षेत्र अद्याप अल्प असतानाच गाठला गेला होता. खतांचा वाढता वापर, गुजरातमधील सिंचन व त्या सुमारास आलेली नवी कीटकनाशके यांचाही त्यात वाटा होता. कोरडवाहू वर्धेने त्या सरासरीत आपला चेहरा शोधू नये.

प्रतिकूल पंथाची अडचण वेगळी आहे. बीटी बियाणे म्हणजे शेतकरी आत्महत्या, हे समीकरण विदर्भाबाहेर विशेष लोकप्रिय झाले. विदर्भातील आत्महत्यांचे सत्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चर्चेत होते, म्हणजे बीटीपूर्वीपासून. २००५ मध्ये वर्धा जिल्ह्यातील डोरली या गावाने ‘गाव विकणे आहे’ असा फलक लावला, तेव्हा गावकऱ्यांचे गाऱ्हाणे भाव, कर्ज आणि नापिकी यांविषयी होते. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात सिंचनास व कर्जावरील व्याजमाफीस मोठे स्थान होते, हे पुरेसे बोलके आहे. महाग बियाण्याने कर्जात भर घातली, हे मान्य. पण सर्व दुःखाचे मूळ एका प्रथिनात शोधणे म्हणजे तंत्रज्ञानवाद्यांनी जनुकाला दिलेले माहात्म्यच उलट्या बाजूने मान्य करणे होय.

या दोन पंथांच्या कोलाहलात एक प्रसंग मात्र जवळजवळ विस्मृतीत गेला. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांच्या सहभागातून ‘बिकानेरी नरमा बीटी’ हा सार्वजनिक क्षेत्रातील सरळ वाण तयार झाला. २००८ मध्ये त्यास मान्यता मिळाली. त्याचे बियाणे शेतकरी घरी राखू शकला असता. अर्थात वर्ध्याच्या जमिनीत तो कसा आला असता, हे पेरून पाहिल्याखेरीज सांगता आले नसते. परंतु बियाण्यात खाजगी कंपनीचे ‘मॉन-५३१’ हे जनुक आढळल्याचे प्रकरण पुढे आले, वाण मागे घ्यावा लागला आणि सोपोरी समितीच्या २०१२ च्या अहवालाने त्या भेसळीस दुजोरा दिला. प्रयोगशाळेतील शिस्तीच्या अभावी देशाने जवळजवळ एक दशक गमावले. पुढे सूरज बीटी, रजत बीटी असे सरळ वाण आले, तेव्हा त्यांतील एकमेव जनुकाला गुलाबी बोंडअळी सरावलेली होती. आता त्यांचे बळ आहे ते लवकर निघण्यात. बीटीचा गुण नसतानाही लवकर निघणारा वाण अळीच्या तावडीतून बराचसा सुटतो, ही गोष्ट रेणवीय जीवशास्त्राच्या अध्यापकाला काहीशी खट्टू करणारी आहे.

रेणवीय तंत्रांना येथे काम नाही असे मात्र मुळीच नाही. ‘सुपर अण्णिगेरी-१’ हा हरभऱ्याचा मररोग-प्रतिकारक वाण रेणवीय चिन्हकांच्या साहाय्याने निवडून २०१९ मध्ये पुढे आला. त्यात परके जनुक नाही. हरभरा स्वपरागित असल्याने बियाणे शेतकऱ्याच्या कणगीत राहू शकते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब तंतूचे देशी कापूस वाण दिले आहेत. तुडतुडे व पाण्याचा ताण सोसण्याची देशी कापसाची क्षमता सर्वज्ञात आहे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयासारख्या संस्था खादीसाठी सेंद्रिय व देशी कापसाचा आग्रह धरीत आल्या आहेत. मात्र या कापसाचा तंतू, बोंडाचा आकार आणि वेचणीचा खर्च यांवर चिन्हक-साहाय्यित निवडीचे काम जिद्दीने व्हावयास हवे होते, ते झाले नाही. या देशी जातीचा जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो चीनच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने. ज्या जिल्ह्याने या जातीतील एका वाणाला जगाच्या बाजारात आपल्या गावाचे नाव दिले, तेथील अध्यापकास याची थोडी खंत वाटावी.

वर्गातील प्रश्न

हा विषय आता जनुक-संपादनाच्या रूपाने पुन्हा आपल्या दारी आला आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्र शासनाने परके जनुक नसलेल्या काही प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये ‘कमला’ व ‘पुसा डीएसटी राईस-१’ हे दोन भात वाण जाहीर झाले. दोन्ही सरळ वाण आहेत, ही स्वागतार्ह बाब. संपादन-तंत्राच्या परवान्याचा प्रश्न मात्र विचारला गेला पाहिजे. कापसात असे वाण येतील तेव्हा कोणते जनुक बदलले याइतकेच, किती दिवसांत निघतो, हेक्टरी किती झाडे बसतात, बियाणे राखता येते काय आणि कोणत्या जमिनीत तपासला, हेही शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर असावे.

त्यासाठी आरंभ आपल्याच प्रयोगवहीपासून करता येईल. पदव्युत्तर वर्गात कापसाच्या पानातील ‘क्राय’ प्रथिन पट्टी-चाचणीने ओळखण्याचा प्रयोग असतो. विद्यार्थी पट्टीवर उमटलेली रेघ पाहतो, ‘होकारात्मक’ असे लिहितो आणि प्रयोग संपतो. त्याच झाडावरील वीस हिरवी बोंडे चिरून अळ्या मोजाव्यात, पेरणीची व पहिल्या वेच्याची तारीख, झाडांतील अंतर आणि जमिनीचा प्रकार शेतकऱ्यास विचारून नोंदवावा. याला उपकरण लागत नाही. सेलू, देवळी, समुद्रपूर, आर्वी अशा तालुक्यांतून येणारे विद्यार्थी आपापल्या गावची बोंडे घेऊन आले, तर चार-पाच वर्षांत जिल्ह्याची अशी नोंद तयार होईल की जी सध्या कोणाकडेच सलग नाही. बोंडे नोव्हेंबरच्या अखेरीस आणावीत. दिवाळीच्या सुट्या तोवर संपलेल्या असतात आणि शेतात पऱ्हाटी अद्याप उभी असते.